लहान चाक पोलादाचे, मोठे चाक हलके



मागील अंकात आपण मिरचीवरील फुलकिड्यांविषयी बोललो. या खेपेस चिकूच्या खतांविषयी लिहीन असे मी कबूल केले होते. पण मध्यंतरी चिंचणीत एक प्रकरण माझ्यासमोर आले. ते पिकाचे नाही, यंत्राचे आहे. तरीही ज्यांच्या घरी ट्रॅक्टर, टिलर, कडबा-कुट्टी यंत्र किंवा कॉलेजात जाणारे मूल आहे, त्या प्रत्येक घराच्या ते कामाचे आहे. म्हणून चिकूला पंधरा दिवस थांबवतो.

झाले असे. समुद्राच्या बाजूला वाडी असलेल्या एका शेतकऱ्याचा मुलगा सकाळीच माझ्याकडे आला. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कागदाची पुडी सोडून त्याने माझ्या टेबलावर एक लहान दातेरी चाक ठेवले. पंधरा दातांपैकी चार दात मुळापासून गेलेले.

“साहेब, बाबांना तुम्हीच समजावा,” तो म्हणाला. “सगळे गिअर पोलादाचे करायचे तर पैसे लागतील. बाबा नाही म्हणतात. आणि स्पर्धेला तीन आठवडे उरलेत.”

मी म्हटले, “अरे, मी शेतीखात्याचा माणूस. मला यातले काय कळणार?” पण चाक हातात घेतले आणि विचार आला, की आपण रोज शेतकऱ्याने आणलेले वाळके पान पाहून रोग ओळखतो. मोडका दातही काही सांगत असेलच की.

आता ही स्पर्धा कसली, ते आधी सांगतो. मुलांनी स्वतः बनवलेली यंत्रे, म्हणजे रोबो, मैदानात उतरवायची आणि ठरवून दिलेले काम त्यांच्याकडून करून घ्यायचे. हे खूळ आजकालचे नव्हे. आशिया आणि पॅसिफिक भागातल्या देशांची रोबोकॉन नावाची स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २००८ साली ती आपल्या पुण्यात भरली होती, आणि खेळ कोणता होता म्हणाल? गोविंदाचा! यंत्रांनी हंडीतले लोणी काढायचे होते. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात झाली. त्या वर्षी एक यंत्र पालक आणि दुसरे मूल; पालकाने मुलाला झोपाळ्यावर, सी-सॉवर खेळवायचे असा खेळ होता. सामना अवघ्या तीन मिनिटांचा. पण त्या तीन मिनिटांसाठी पोरे महिनोन् महिने राबतात. अशा स्पर्धांत यंत्राच्या वजनाला मर्यादा असते. काट्यावर वजन जास्त भरले, की यंत्र बाहेर.

आमच्या या मुलाच्या चमूत प्रत्येकाकडे एकेक काम आहे. यंत्राची चाके फिरवणारा भाग याच्याकडे. सरावात यंत्र एकदम पुढून मागे फिरवले आणि दात उडाले. मित्रांनी वर्गणी काढून केलेला खर्च आपल्यामुळे वाया गेला, हे त्याच्या मनाला लागले होते. बोलता बोलता त्याचे डोळे भरले.

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. त्यांचेही ऐकून घ्यायला हवे होते.

“साहेब, गेल्या साली रोटाव्हेटरची गिअरपेटी फुटली,” ते म्हणाले. “तिचे पैसे अजून फिटायचेत. घरचा गिअर उधारीवर आणि याच्या खेळण्याला पोलादी गिअर? तुम्हीच सांगा, मी काय वाईट बोलतो?”

वाईट ते बोलत नव्हते. पण गिअरपेटी फुटली कशी, असे मी विचारले तेव्हा ते गप्प बसले. तो धागा तुम्हीही लक्षात ठेवा. पुढे कामी येईल.

दुसऱ्या दिवशी मी बापलेकांना घेऊन गावातल्या एका कारागिराकडे गेलो. चिंचणीच्या मंडळींना सांगायला नकोच, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या या गावात आणि आसपास दागिन्यांचे डाय बनवण्याचा धंदा आहे. पोलादाच्या ठोकळ्यात बारीक नक्षी कोरायची, मग त्या ठोकळ्याला पाणी देऊन तो इतका कडक करायचा की त्यावर पत्रा दाबून एकसारखे नग काढता यावेत. पोलाद कुठे कडक हवे, कुठे चिवट हवे, हे या माणसांच्या बोटांना ठाऊक असते.

कारागीरदादांनी चश्मा लावला, चाक उजेडाकडे धरले आणि मुलाला विचारले, “याच्या जोडीचे मोठे चाक कुठाय?” मुलाने तेही आणले होते. साठ दातांचे, सगळे धड. दोन्ही चाके ॲल्युमिनियमची.

मग दादांनी जे सांगितले ते आपल्या रोगनिदानासारखेच होते. दात मोडण्याच्या तीन तऱ्हा असतात. दात हळूहळू पातळ होऊन सुरीसारखा झाला असेल, तर ती झीज. चाक मऊ आहे किंवा वंगण कमी आहे. दात मुळाशी कडकन तुटला असेल, तर तो हिसका. सोसण्यापेक्षा जास्त जोर एकदम आला. आणि घासल्याची खूण दाताच्या पूर्ण रुंदीवर न दिसता एकाच कडेला दिसली, तर दोष चाकाचा नाही, दांड्याचा. दांडा वाकतो आहे किंवा तिरका बसला आहे.

मुलाच्या चाकावर दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही खुणा होत्या. लहान चाकाचा दांडा एकाच बाजूने धरलेला होता. जोर आला की दुसरे टोक दूर सरे, दात पुरते एकमेकांत न शिरता टोकाटोकाने भिडत आणि सगळा भार एका कडेवर येई. “आधी याला दुसऱ्या बाजूने बेअरिंग दे,” दादा म्हणाले. “नाहीतर हिऱ्याचे चाक बसवलेस तरी मोडेल.”

ऐकता ऐकता वडिलांना रहाट आठवला. आमच्या या किनारपट्टीच्या वाड्यांत पूर्वी विहिरीवर रहाट असत. जनावर गोल फिरे, त्याच्याबरोबर आडवे दातेरी चाक फिरे, ते उभ्या चाकाला फिरवी आणि गाडग्यांची माळ पाणी वर आणी. दात म्हणजे सुताराने तासून बसवलेल्या लाकडी खुंट्या. “एखादी खुंटी तुटायची,” ते म्हणाले. “ती काढून नवी ठोकायची. अख्खे चाक कधी जात नसे.” दादांनी मान हलवली. जुन्या सुतारांना हे कळत होते, की मोडायचेच असेल तर स्वस्त आणि हाताशी असलेले मोडावे. विलायतेतल्या जुन्या गिरण्यांतही एक चाक ओतीव लोखंडाचे आणि त्याच्या जोडीच्या चाकाला लाकडी दात, अशी पद्धत होती. आवाज कमी होई, आणि मोडला तर लाकडाचा दात मोडे.

आता खरा प्रश्न: चाक कशाचे करावे? इथे थोडा हिशेब करू. अवघड नाही. खताच्या हिशेबापेक्षा सोपा आहे.

लहान चाकाला पंधरा दात, मोठ्याला साठ. म्हणजे मोठे चाक एकदा फिरते तेव्हा लहान चाक चार वेळा फिरते. म्हणून लहान चाकाचा प्रत्येक दात मोठ्या चाकाच्या दातापेक्षा चौपट वेळा मार खातो. दोन्ही चाके एकाच धातूची असतील तर आधी लहान झिजणार, हे ठरलेले. दोन बैलांपैकी एकालाच चौपट राबवले तर कोण आधी बसेल, ते सांगायला नको.

आता वजन पाहा. मुलाची चाके १० मिलिमीटर रुंद आहेत. मोठ्या चाकाचा व्यास साधारण ९० मिलिमीटर. ते भरीव पोलादाचे केले तर जवळजवळ ५०० ग्रॅम भरते. ॲल्युमिनियमचे १८० ग्रॅम. नायलॉनचे ७५ ग्रॅमच्या आत. लहान चाकाचा व्यास साडेबावीस मिलिमीटर. ते पोलादाचे केले तरी ३० ग्रॅमच्या आसपास. ॲल्युमिनियमचे केले तर दहा-अकरा ग्रॅम.

यंत्राला अशा चार जोड्या. सगळीच चाके पोलादाची केली, तर वजन सव्वा किलोहून अधिक वाढणार. फक्त लहान चाके पोलादाची केली, तर वाढ जेमतेम ८० ग्रॅमची. म्हणजे जे चाक सर्वांत जास्त राबते, तेच मुळात सर्वांत हलके आहे. तिथे पोलाद घातल्याने काट्यावर काही बिघडत नाही. जे मोठे आहे त्याचा प्रत्येक दात कमी राबतो, म्हणून तिथे हलका धातू चालतो. लहान चाक पोलादाचे, मोठे चाक हलके: या लेखातले एवढे एक वाक्य ध्यानात राहिले तरी माझे काम झाले.

मुलाने विचारले, “मग मोठे चाक नायलॉनचे केले तर आणखी हलके होईल ना?” होईल. पण दोन गोष्टी आड येतात. पहिली म्हणजे जोर. मोटारीच्या पोटातच एक गिअरपेटी असते. ती वेग कमी करते आणि जोर वाढवते. त्यानंतरची ही जोडी थेट चाकाला लागलेली. मोटारीपाशी वेग जास्त आणि जोर कमी. चाकापाशी वेग कमी आणि जोर जास्त. ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये हळू चालतो पण नांगर ओढतो, तसेच हे. म्हणून चाकाजवळच्या जोडीचे दात मोठे, रुंद आणि चिवट हवेत. दुसरी अडचण आपल्या हवेची. नायलॉन ओल पिते आणि फुगते. मे महिन्यात बरोबर बसलेले नायलॉनचे चाक पावसाळ्यात घट्ट होऊन अडू शकते. त्याऐवजी डेल्रिन नावाचे प्लास्टिक मिळते, ते ओल फार कमी पिते. आवाज कमी, वंगण नसले तरी चालते, म्हणून हलक्या कामाला ते उत्तम. पण उष्णता लवकर बाहेर जाऊ देत नाही आणि तापले की मऊ पडते. घरच्या छपाईयंत्रावर थर देऊन काढलेली प्लास्टिकची चाके नमुना पाहायला ठीक. हिसक्याच्या जागी नकोत.

ॲल्युमिनियमलाही, आपल्या बियाण्यासारख्या, जाती आहेत. खिडकीच्या चौकटीला वापरतात ती जात मऊ. गिअरसाठी ७०७५ क्रमांकाची जात घेतात. तिचे वजन पोलादाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके आणि ताकद साध्या नरम पोलादापेक्षाही अधिक. मात्र पृष्ठभाग पोलादाइतका कडक नसतो. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासले की एकमेकांना ओरबाडते आणि काळा चिखल सुटतो. म्हणून त्याला जोडीदार पोलादाचा द्यावा आणि मध्ये ग्रीस असावे. आणखी एक. आपली हवा खारी. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असतील आणि त्यात खारी ओल शिरली, तर ॲल्युमिनियम लवकर खाल्ले जाते. यंत्र ठेवून देताना ते पुसून, ग्रीस लावून, झाकून ठेवावे.

पोलादातही निवड आहे. साधे नरम पोलाद स्वस्त, पण त्यात कर्ब कमी, म्हणून पाणी दिले तरी कडक होत नाही. बाजारात ईएन ८ म्हणून मिळते त्यात कर्ब पुरेसा असतो. ते पाणी घेते. ईएन २४ त्याहून चिवट, आणि महागही. तरीही नुसते कडक करून भागत नाही. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो, तेव्हा जास्त झाले तर धार तुटते आणि कमी झाले तर वळते. दाताचेही तसेच. म्हणून कडक केल्यावर तो पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा काढावा लागतो. मोटारगाड्यांच्या गिअरला तर फक्त वरच्या कातडीला कर्ब पाजून ती कडक करतात आणि पोट चिवट ठेवतात. वरून झीज होत नाही, आतून हिसका सोसला जातो.

इतके ऐकल्यावर वडिलांनी एकच प्रश्न विचारला. “म्हणजे फक्त चार लहान चाके?” होय, फक्त चार लहान चाके, आणि दांड्याच्या दुसऱ्या बाजूला बेअरिंग. सगळे गिअर बदलण्याची गरजच नव्हती. बोईसरच्या एका वर्कशॉपमध्ये ईएन ८ च्या चाकांना दात पाडून घेतले, पाणी देऊन घेतले. पैसे वडिलांनीच दिले. फार नव्हते.

घरी परतताना मुलगा म्हणाला, “बाबा, रोटाव्हेटरच्या दांड्याला तुम्ही कुठला बोल्ट लावलाय?” वडील थोडे चालत राहिले. मग म्हणाले, “कडकच लावलाय. सारखा तुटत होता म्हणून.”

मंडळी, गिअरपेटी फुटण्याचे कारण ते हेच. अनेक रोटाव्हेटरांत, ट्रॅक्टरचा जोर ज्या दांड्यातून येतो त्यावर एक शिअर बोल्ट असतो. तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो. पाते दगडाला किंवा मुळाला अडकले की आधी तो बोल्ट तुटावा आणि गिअर वाचावेत, अशी योजना आहे. रहाटाची लाकडी खुंटी ती हीच. पण बोल्ट दोन वेळा तुटला की आपण चिडतो आणि दुकानातून सर्वांत कडक बोल्ट आणून ठोकतो. मग तिसऱ्या वेळी बोल्ट तुटत नाही, पेटी फुटते. त्या घरी असेच झाले होते. आणि एवढा वेळ त्या बापाने ते कोणालाच सांगितले नव्हते.

आता कोणी म्हणेल, ॲल्युमिनियम एवढे चांगले तर आमच्या टिलरला का नाही? कारण आयुष्य वेगळे. ते यंत्र सराव धरून काही तास चालणार, स्वच्छ फळीवर. तुमचा टिलर वर्षानुवर्षे चिखलात आणि धुळीत हजारो तास चालायचा आहे. जिथे झीज दीर्घ आहे तिथे कडक केलेले पोलाद, बंद पेटी आणि तेल यांना पर्याय नाही. भाताची जात जमीन पाहून निवडतो, तसा धातू काम पाहून निवडावा.

तेव्हा घरच्या यंत्रांसाठी एवढे करा:

१. मोडलेला गिअर फेकू नका. दात पातळ झाला, मुळाशी तुटला की एका कडेला घासला, ते पाहा. कारण कळल्याशिवाय नवा बसवू नका.

२. शिअर बोल्ट कंपनीने सांगितला त्याच जातीचा लावा. दोन-चार जादा आणून पेटीत ठेवा. तो सारखा तुटत असेल तर दोष पात्यात, खोलीत किंवा दगडात शोधा.

३. जोडीतले लहान चाक झिजले असेल तर मोठ्याचे दातही तपासा. झिजलेल्या चाकावर नवे चाक बसवले की नवेही लवकर जाते.

४. उघड्या गिअरवर ग्रीस लावल्यास त्यात वाळू बसते आणि ती कानशीसारखी घासते. वेळोवेळी जुने पुसून नवे लावा.

५. कडबा-कुट्टी यंत्राचे गिअर झाकणाशिवाय चालवू नका. हात आणि पदर त्यात सापडतात. हे माझ्या माताभगिनींना विशेष सांगणे आहे.

शेवटी, स्पर्धेचे काय झाले म्हणाल तर, मुलांचा नंबर आला नाही. दुसऱ्या फेरीत त्यांचे यंत्र मागे पडले. पण गिअरचा एकही दात गेला नाही. परतल्यावर मुलाने ती चार चाके पुसून माझ्यापुढे ठेवली. दातांच्या पूर्ण रुंदीवर एकसारखी चकाकी होती. शेतात पीक एकसारखे उगवून आलेले पाहावे, तसा आनंद मला झाला.

आणि परवा मी त्यांच्या वाडीवर गेलो, तेव्हा रोटाव्हेटरजवळ बापलेक दोघे वाकलेले होते. मुलगा बोल्ट बसवत होता आणि वडील पाना धरून उभे होते. मला पाहून वडील म्हणाले, “नरमच लावलाय हो साहेब. यानेच आणून दिला.”

तुमच्याही घरी असे एखादे मूल असेल, जुने रेडिओ आणि सायकली खोलून बसणारे. त्याला रागावण्याआधी एकदा घरचे मोडके यंत्र त्याच्यापुढे ठेवा, आणि काय बिघडले असेल ते विचारा. उत्तर चुकले तरी ऐकून घ्या.

पुढील अंकात, कबूल केल्याप्रमाणे, चिकूची खते. तोवर रामराम.